तुकोजीराव नेमके कोणते? जुन्या मराठी मजकुरातली नावे ओळखणे आणि माणसांशी जुळवणे

तुमची अडचण थोडक्यात अशी. इंदूरच्या एका जुन्या मराठी ग्रंथालयातल्या स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि मासिकांचे अंक मिळून सुमारे चार हजार पाने स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरे संगणकीय मजकुरात बदलणे) झाली आहेत. त्यांतली व्यक्ती, गावे आणि संस्था यांची सूची करायची आहे. नावे ओळखणारे तयार मॉडेल चालवले तर 'तुकोजीराव' सगळे एकाच ओळीत गोळा झाले, 'देवास' भलतीकडेच वाढला आणि 'इंदूर' सात-आठ वेगवेगळी गावे असल्यासारखे पसरले. तुम्ही विचारले आहे, की याहून चांगले मॉडेल कोणते?

मॉडेल बदलल्याने थोडे सुधारेल, पण अडचण तिथे नाही. ही दोन वेगळी कामे आहेत आणि तुम्ही ती एकाच यंत्राच्या गळ्यात घातली आहेत. वाक्यात नाव कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ते माणसाचे की गावाचे, हे सांगणे पहिले काम. ते मॉडेल करते. हा माणूस नेमका कोण, हे ठरवणे दुसरे. मराठी विकिपीडियावर त्याला 'निःसंदिग्धीकरण' असा भारदस्त शब्द आहे. या दुसऱ्या कामाला लागते ती तुमच्या मजकुराला बेतलेली, सनावळीसह तयार केलेली नामसूची. ती नसेल तर जगातले सर्वात मोठे मॉडेलही 'तुकोजीराव'पाशी येऊन अंदाजच करणार.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाने तीनशे-चारशे असती तर मी म्हटले असते, मॉडेल विसरा, दोन जाणत्या माणसांना बसवा आणि स्प्रेडशीटमध्ये हाताने भरा. महिन्याभरात काम उरकेल. चार हजार पानांना यंत्राची मदत हवीच. दुसरे, सूची पुस्तकाच्या मागे छापायची की शोधता येईल असा डेटाबेस करायचा? छापायची असेल तर शंभर महत्त्वाची नावे निर्दोष असणे पुरते. डेटाबेस असेल तर प्रत्येक उल्लेखामागे पान, ओळ आणि निर्णयाचे कारण जपावे लागते. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार दिसतो, म्हणून पुढचे त्याच हिशेबाने.

आधी मजकूर. नावे चुकण्याची निम्मी कारणे इथेच असतात आणि इथे कोणाचे लक्ष नसते. देवनागरी ओसीआरमध्ये ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल नेहमीची. त्यामुळे 'धार' संस्थानाची 'घार' होते, आणि शब्दकोशाला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण घार हा पक्षी आहेच. अशा जोड्यांची छोटी यादी करून ठेवा आणि नामसूचीशी जुळवताना तेवढ्याच अदलाबदली चालवून घ्या. सरसकट 'एक अक्षर चुकले तरी चालेल' असे धोरण ठेवलेत तर काळे आणि काणे एक होतील, गोरे आणि मोरेही.

मग युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची पद्धत. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द आत वेगळे असतात. 'ऱ्य'मधला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. 'ॲ' हे एक अक्षर म्हणून येते किंवा 'अ'वर चंद्र देऊन. प्रमाणीकरणाची नेहमीची एनएफसी पायरी या जोड्या एक करत नाही, ते रूपांतर स्वतः लिहावे लागते. अलीकडच्या स्मरणिका जुन्या फाँटमधल्या संगणकीय फायलींवरून आल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणा. पानाच्या माथ्यावर दर वेळी छापलेले संस्थेचे नावही काढून टाका, नाहीतर एका अहवालात एक संस्था शंभर वेळा 'उल्लेखली' जाईल.

वाक्य तोडणे हा आणखी एक सापळा. मराठीत पूर्णविराम आणि आद्याक्षरांनंतरचे टिंब एकच. 'मा. वि. किबे यांनी' या मजकुराची साधा संगणकीय प्रोग्राम तीन वाक्ये करतो, आणि मॉडेलला शेवटी नुसते 'किबे यांनी' उरते. नियम सोपा आहे: टिंबाआधी एक-दोन अक्षरांचाच तुकडा असेल तर तिथे वाक्य तोडू नका. 'डॉ.', 'कै.', 'श्री.', 'सौ.', 'रा. रा.', 'प्रा.' यांची यादी वेगळी. उलट ओसीआरने पूर्णविराम खाल्ले तर परिच्छेदभर एकच वाक्य तयार होते. नावे ओळखायला वापरतात ती बर्ट घराण्यातली मॉडेले एका वेळी साधारण ५१२ तुकडेच वाचतात, आणि मराठी शब्दाचे सहज तीन-चार तुकडे पडतात. पुढचा मजकूर मुकाट्याने कापला जातो, चुकीचा संदेशही येत नाही. तुमच्या यादीत लांब परिच्छेदांच्या उत्तरार्धातली नावे अजिबात नसतील तर कारण बहुधा हेच.

आता मॉडेलबद्दल. मराठीसाठी सुरुवात करायला दोन जागा बऱ्या. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा महा-एनईआर (एनईआर म्हणजे मजकुरातली नावे ओळखणे) हा २५,००० वाक्यांचा, हाताने खुणा केलेला संच आहे. त्यात व्यक्ती, स्थळ, संस्था यांखेरीज पद, तारीख, वेळ, संख्या आणि माप अशा एकूण आठ खुणा आहेत. एआय-फॉर-भारतचे इंडिक-एनईआर तीनच खुणा देते: व्यक्ती, स्थळ, संस्था. तुमच्या कामाला मी पहिल्याकडे झुकेन, कारण 'पद' वेगळे मिळते आणि 'श्रीमंत', 'सरदार', 'दिवाण', 'रावबहादूर' ही पदे पुढे ओळख पटवताना कामी येतात. मात्र त्याची वाक्ये बातम्यांतली आहेत. 'श्रीमंतांची स्वारी महेश्वरी मुक्कामास आली' असे वाक्य त्याने कुठे पाहिलेले असणार? म्हणून काहीही ठरवण्याआधी स्वतःच्या पानांतून तीनशे वाक्ये उचला, वेगवेगळ्या दशकांतली, आणि दोघांनी स्वतंत्रपणे खुणा करा. दोघांत जिथे मतभेद होईल तिथे तुमचे नियम अपुरे आहेत असे समजा. पदवी नावात धरायची की बाहेर, 'इंदूर दरबार' हे स्थळ की संस्था, हे तिथेच ठरते. मी पदवी बाहेर ठेवतो, पण शेजारच्या रकान्यात जपतो. नंतर याच वाक्यांवर प्रत्येक मॉडेल तपासा. त्याहून मोठी परीक्षा नको आणि छोटीही नको.

शब्दाचे तुकडे परत जोडताना एक चूक हमखास होते. 'तुकोजीरावांनी'चे तीन-चार तुकडे पडतात. खूण पहिल्या तुकड्याची धरा आणि शब्द मात्र पूर्ण, प्रत्ययासकट उचला. तुकडे वेगवेगळे मोजले की यादीत 'तुकोजी' एकीकडे आणि 'रावांनी' नावाचा एक गूढ गृहस्थ दुसरीकडे दिसतो.

तुमचे 'इंदूर' पसरले ते प्रत्ययांमुळे. इंदूर, इंदूरला, इंदूरहून, इंदुरास, इंदुरात. शेवटच्या दोन रूपांत दू ऱ्हस्व होतो, त्यामुळे नुसते शेपूट कापून मूळ शब्द सापडत नाही. बडोदे किंवा बडोदा असेल तर 'बडोद्यास', पुणे असेल तर 'पुण्यास'. शिवाय लेखनभेद: इंदोर, इंदौर, इन्दूर, ग्वाल्हेर, ग्वालियर, ग्वालेर, वडोदरा, होळकर आणि होलकर, शिंदे आणि सिंधिया. यावर चलाख उपाय शोधू नका. गावांची संख्या मोजकी आहे, प्रत्येक गावाची सगळी रूपे सामान्यरूपासह नामसूचीतच लिहून टाका. पन्नास गावांना एक दुपार लागते आणि तो प्रश्न कायमचा मिटतो.

व्यक्तींना मात्र प्रत्यय काढण्याचा नियम लागतो. लांब प्रत्यय आधी ('ांच्याकडून', 'ांच्यासाठी'), मग 'ांनी', 'ांना', 'ांचा', आणि सर्वात शेवटी 'ला', 'स', 'त'. या शेवटच्या एकाक्षरी प्रत्ययांनी भल्याभल्यांची फजिती केली आहे: बनारसचे 'बनार', मद्रासचे 'मद्रा', गुजरातचे 'गुजरा', सुरतचे 'सुर'. म्हणून क्रम पक्का ठेवा. पूर्ण शब्द नामसूचीत आहे का ते आधी पाहायचे, नसेल तरच प्रत्यय काढायचा.

आणि याच ठिकाणी तुमचा 'देवास' बसतो. देवास हे इंदूरच्या शेजारचे गाव, आणि 'देवास' ही देव शब्दाची चतुर्थीही. 'देवास नैवेद्य दाखवला', 'देवास स्मरून सांगतो', 'ते देवास ठाऊक': भक्तिपर लेखांत आणि कीर्तनांच्या वृत्तांतांत असे शेकड्यांनी सापडणार. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. पण मराठीच इथे मदत करते. 'देवास'ला पुन्हा प्रत्यय लागला असेल (देवासला, देवासचे, देवासहून) तर ते गावच, कारण चतुर्थीवर चतुर्थी लागत नाही. नुसता 'देवास' असेल तर पुढचा शब्द पाहा: संस्थान, येथे, दरबार, रोड, थोरली पाती, धाकटी पाती (देवास संस्थानाच्या दोन शाखा) आले की गाव, नैवेद्य, नमस्कार, नवस, ठाऊक, प्रिय आले की देव. बाकी राहतील ते हाताने बघा, ते फार नसतात.

माळव्यातल्या नावांत ही खोड जास्तच आहे. 'महेश्वरी' म्हणजे जुन्या सप्तमीतले 'महेश्वर येथे', आणि लुगडेही. 'मांडू' हा किल्ला, आणि 'आपण तो मुद्दा पुढे मांडू'. 'धार' हे संस्थान आणि सुरीची धार. आज गावासाठी 'धारला' लिहितात, पण जुन्या लिखाणात गावालाही 'धारेस' म्हणतात, तेव्हा प्रत्ययावर विसंबू नका. 'छप्पनवर भेटू' यातला छप्पन मॉडेल संख्या म्हणून टाकून देते; इंदूरकराला सांगावे लागत नाही, ते छप्पन दुकान. 'राजवाडा' इंदूरचा आणि कुठलाही. इंदुरातली 'छत्री' कृष्णपुऱ्याची असते, पावसाळ्यातली नव्हे. 'इंदूरकर' म्हणजे शहरातले लोक किंवा एखादे आडनाव. आडनावाचे तर असे, की हिराबाई बडोदेकरांचा उल्लेख आला म्हणून बडोदे गावाच्या नावे एक नोंद टाकायची नसते.

ओळख पटवण्याचे खरे काम इथून सुरू होते. तुमच्या मजकुराच्या टप्प्यात कोण कोण येऊ शकते, त्याची नामसूची बनवा. प्रत्येक व्यक्तीला एक ओळ: क्रमांक, मुख्य नाव, इतर रूपे, जन्म-मृत्यू, अधिकारावर असल्याचा काळ, ठिकाण, जवळची माणसे, सोबत येणारे शब्द. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड डेटासाठ्यावरून पहिला मसुदा उतरवता येतो. तिथे प्रत्येक नोंदीला क्यूने सुरू होणारा क्रमांक असतो, तो एका रकान्यात ठेवा. पण स्थानिक सरदार, शिक्षक, संपादक तिथे बहुधा मिळणार नाहीत. ती भर तुम्हीच घालायची.

तुकोजीरावांच्या ओळी अशा पडतील. पहिले तुकोजी होळकर, अहिल्याबाईंच्या काळात १७६७ पासून फौजेचे प्रमुख, गादीवर १७९५ ते १७९७. दुसरे, गादीवर १८४४ ते १८८६. तिसरे, १९०३ ते १९२६. आणि चौथी ओळ, जी सगळे विसरतात: देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार, १८९९ ते १९३७. हेही 'तिसरे'च म्हणवले जातात. म्हणजे १९०३ ते १९२६ या काळात जवळजवळच्या दोन गाद्यांवर दोन 'तुकोजीराव महाराज, तिसरे' एकाच वेळी बसलेले होते. तुमच्या संग्रहात या दशकांतले अंक भरपूर असतील, आणि मॉडेलने त्या सगळ्यांना एकच माणूस धरले असणार.

अधिकाराचा काळ आणि आयुष्य हे दोन रकाने वेगळे का, तेही यातूनच कळते. पहिले तुकोजी गादीवर दोनच वर्षे होते, पण त्यांचे उल्लेख त्याआधीच्या तीस वर्षांचे. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली, तरी ते १९७८ पर्यंत हयात होते. १९३५ च्या लेखात नुसते 'महाराज' आले तर ते यशवंतराव दुसरे. 'तुकोजीराव महाराज' आले तर ती जुनी आठवण असू शकते किंवा हयात माजी महाराज. एकच रकाना ठेवला की यांतले निम्मे उल्लेख बाद होतात.

क्रमांकात 'दुसरे', 'तिसरे' घालू नका. होळकरांच्या वंशावळीत १८११ ते १८३३ या काळातल्या मल्हाररावांना कोणी दुसरे म्हणतात, कोणी तिसरे. तुकोजींचे पुत्र मल्हारराव, जे १७९७ साली मारले गेले, त्यांना मोजायचे की नाही यावर ते अवलंबून. मी घराणे, नाव आणि अधिकार सुरू झाल्याचे वर्ष जोडून क्रमांक करतो: 'होळकर-तुकोजी-१८४४', 'पवार-तुकोजी-१८९९'. वाचतानाच कळते, आणि कोणी मोजणी बदलली तरी क्रमांक हलत नाही. ज्यांना अधिकाराचा काळ नाही त्यांना जन्मवर्ष, तेही नसेल तर पहिल्या उल्लेखाचे वर्ष.

घराणी ओलांडूनही बघा. मल्हारराव म्हटले की इंदूरकराला सुभेदार मल्हारराव होळकरच आठवतात, पण १८७० ते १८७५ बडोद्याच्या गादीवर मल्हारराव गायकवाड होते. खंडेराव म्हणजे कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पडलेले अहिल्याबाईंचे पती, होळकरांच्याच गादीवर १८४३-४४ मध्ये बसलेले दुसरे एक, बडोद्याचे १८५६ ते १८७० चे खंडेराव गायकवाड, किंवा जेजुरीचा देव. माधवराव म्हणजे पेशवे, ग्वाल्हेरचे १८८६ ते १९२५ चे महाराज, सरदार किबे, किंवा अलीकडचे राजकारणी. उलट सयाजीरावांचे सोपे. त्या नावाचे तिघे झाले, पण विसाव्या शतकातल्या मराठी मजकुरात नुसते 'सयाजीराव महाराज' आले तर १८७५ ते १९३९ चेच धरायला मी कचरत नाही. 'जो प्रसिद्ध तोच असेल' हा अंदाज बडोद्याला चालतो आणि इंदूरला बुडवतो. म्हणून तो अंदाज सगळ्या नावांना एकच न लावता नावागणिक ठरवा.

आता एक वाक्य घेऊ; मी रचलेले आहे, पण तुमच्या अंकांत याची भावंडे असतील. 'तुकोजीराव महाराज देवासहून परत येताच राजवाड्यात मोठा दरबार भरला.' 'देवासहून', म्हणजे गाव पक्के. महाराज कोणते? घाई केली तर वाटते, देवासहून परत आले म्हणजे इंदूरला आले, म्हणजे होळकर. पण परत कुठे आले, हे वाक्य सांगत नाही. देवासलाही राजवाडा आहेच. तेव्हा पहिला प्रश्न असा, की घटना कोणत्या वर्षीची? १८७० ची असेल तर होळकरांचे तुकोजीराव दुसरे, कारण देवासच्या त्या तुकोजीरावांचा काळ पुढचा. १९३० ची असेल तर इंदूरच्या गादीवर यशवंतराव, तेव्हा दरबार भरवणारे तुकोजीराव पवारांकडे झुकतात, जरी 'देवासहून परत' हे मग विचित्र वाटते. १९१२ ची असेल तर दोघेही उभे राहतात आणि वर्षाने निकाल लागत नाही. मग लेखात आधी पूर्ण नाव आले आहे का ते पाहायचे, लेखक कुठून लिहितो आहे ते पाहायचे, आणि 'रेसिडेंट' (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी), 'लालबाग' (इंदूरचा राजवाडा), 'थोरली पाती' असे सोबतचे शब्द पाहायचे. एवढे करूनही कळले नाही तर 'दोघांपैकी एक' अशी नोंद ठेवायची. ती अपयशाची नोंद नाही. चुकीच्या नोंदीपेक्षा तिचा संशोधकाला कितीतरी उपयोग होतो.

यात 'घटनेचे वर्ष' म्हणतो आहे, 'छापल्याचे वर्ष' नव्हे. स्मरणिका १९६० ची असेल आणि लेखात १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर झालेल्या हल्ल्याची हकीकत असेल, तर महाराज म्हणजे १८४४ ते १८८६ चे होळकर. यंत्राला छापल्याचे वर्ष सहज मिळते म्हणून लोक तेच वापरतात आणि शतकाचा घोळ होतो. परिच्छेदातले सर्वात जवळचे वर्ष आधी घ्या, ते नसेल तर लेखातले, आणि काहीच नसेल तेव्हाच अंकाचे.

वर्ष वाचतानाही शक जपा. 'शके १८३२' म्हणजे इ.स. १९१०-११, शकात ७८ मिळवायचे, इंग्रजी वर्ष पालटल्यापासून पाडव्यापर्यंत ७९. प्रोग्रामने 'शके' सोडून नुसता आकडा उचलला तर १८३२ मिळते, आणि त्या साली इंदूरच्या गादीवर मल्हारराव होते. सगळे गणित बिनचूक आणि उत्तर तद्दन चुकीचे. विक्रम संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६. इथल्या जुन्या कागदांत दोन्ही गणना सापडतात.

गावे आणि वास्तूंना काळाचा रकाना हवाच. महूचे नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर. १९०४ चा किंग एडवर्ड हॉल १९४८ पासून गांधी हॉल. १९६४ साली सुरू झालेले इंदूर विद्यापीठ १९८८ पासून देवी अहिल्या विश्वविद्यालय. नोंद एक, नावे दोन, प्रत्येकाला 'पासून' आणि 'पर्यंत'. 'अहिल्यानगरी' म्हणजे आपल्याकडे इंदूर. आणि २०२४ पासून महाराष्ट्रात अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. दोन्ही नावांत एका वेलांटीचे अंतर, जे ओसीआर हसतहसत खाते. तसेच 'देवी अहिल्या विश्वविद्यालय' यात अहिल्याबाई आत दडल्या आहेत. बाहेरची नोंद संस्थेची करा. आतल्या नावाची व्यक्ती म्हणून वेगळी नोंद नको, नाहीतर विद्यापीठाचे निकालसुद्धा अहिल्याबाईंच्या खात्यावर जमा होतील. मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, एम. वाय. (महाराजा यशवंतराव) हॉस्पिटल यांनाही हेच लागू.

कार्यक्रमही नावेच. 'इंदूरचे साहित्य संमेलन' एवढ्यावर थांबू नका. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले आहे.

सामान्य माणसांच्या बाबतीत मी फार सावध असतो. अहवालांत वर्गणीदार, कार्यकारिणी सदस्य, बक्षीस मिळालेले विद्यार्थी यांची शेकडो नावे असतात. नाव आणि आडनाव जुळले म्हणून माणूस एक होत नाही. दोन चुलतभावांचे नाव एकच असू शकते आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत तर आहेच. वडिलांचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर जुळावे, आणि काळ किंवा पत्ता किंवा पद यांपैकी निदान एक जुळावे, तेव्हाच दोन उल्लेख जोडा. स्त्रियांच्या बाबतीत चूक उलटी होते: लग्नानंतर नावासकट आडनाव बदलल्याने एकच बाई दोन माणसे ठरते. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या, हे मजकुरातून कोणतेही मॉडेल ओळखणार नाही. 'पूर्वाश्रमीच्या', 'माहेरच्या', 'यांच्या पत्नी', 'यांच्या कन्या' हे शब्द जिथे येतील ती वाक्ये वेगळी काढून माणसाने वाचावीत.

मोठी भाषिक मॉडेले वापरू का, हाही प्रश्न मनात असेलच. वापरा, पण पंच म्हणून. परिच्छेद, घटनेचे वर्ष आणि नामसूचीतले दोन ते पाच उमेदवार त्यांच्या सनांसह द्या, आणि 'यांपैकी एकाचा क्रमांक सांग, किंवा कोणीच नाही म्हण; कोणत्या शब्दांवरून ठरवले ते उद्धृत कर' असे सांगा. उद्धृत केलेले शब्द परिच्छेदात खरोखर आहेत का ते प्रोग्रामने तपासा. नसतील तर उत्तर टाकून द्या. उमेदवार न देता 'हे तुकोजीराव कोण?' असे मोकळे विचारलेत तर ते सर्वात प्रसिद्ध नाव ठामपणे सांगते. देवासचे तुकोजीराव मी अशा मोकळ्या उत्तरांवर सोडणार नाही.

तपासणी करताना दोन प्रकारच्या चुका वेगळ्या मोजा. दोन माणसे एक झाली, किंवा एकाची दोन झाली. पहिली चूक जास्त महाग, कारण एकदा उल्लेख मिसळले की ते पुन्हा वेगळे करायला मूळ पाने उघडावी लागतात; दुसरी चूक एका फटक्यात जोडता येते. म्हणून शंका असेल तिथे वेगळे ठेवायचे. यादृच्छिक दोनशे निर्णय काढून वाचा, आणि त्यांखेरीज पन्नास फक्त तुकोजीराव, मल्हारराव, खंडेराव आणि माधवराव यांचे, कारण सरासरीच्या आकड्यात हेच लपतात. 'योग्य उमेदवार यादीतच नव्हता' अशा चुका किती, हेही पाहा. त्या जास्त असतील तर नामसूची वाढवा, नियमांना हात लावू नका.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात तीनशे वाक्यांवर खुणा, त्याच वेळी दुसऱ्या कोणी गावांची रूपे आणि चारही घराण्यांची (होळकर, पवार, गायकवाड, शिंदे) सनावळ लिहावी. मग सध्याच्याच मॉडेलवर १९०३ ते १९२६ मधले अंक तेवढे चालवून बघा, सर्वात अवघड तेच आहेत. तिथले तुकोजीराव वेगळे झाले आणि 'दोघांपैकी एक' अशा नोंदी हाताने वाचण्याजोग्या उरल्या, तर मॉडेल बदलायची गरज नाही. तसे न झाल्यास तपासणीतली ती पन्नास वाक्ये इथे टाका. नावांआधीचा आणि नंतरचा एकेक परिच्छेद ठेवा, त्यावाचून कोणालाच काही सांगता येणार नाही.